मान दुखली होती का, एवढं विचारा
स्ट्रोकचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना आणि पाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभागातले अधिकारी, १०८ च्या गाडीतले डॉक्टर, कॅज्युअल्टीत रात्रपाळी काढणारे मेडिकल ऑफिसर आणि रेसिडेंट, आणि न्यूरॉलॉजीतले ज्येष्ठ,

सप्रेम नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी सीटी वाचतो. अंगावरून वारं गेलेला माणूस तुमच्याकडून माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्यासोबत एक कागद येतो. त्यावर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘राइट हेमिपॅरेसिस, ? सीव्हीए, सीटी ब्रेन प्लेन’, म्हणजे उजव्या अंगाची कमजोरी, स्ट्रोकची शंका, मेंदूचा साधा सीटी. या पत्राचा विषय तो कागद आहे, आणि त्यावर यायचं राहून जातं ते एक वाक्य.

ज्या आजारासाठी लिहितोय त्याचं नाव लांबलचक आहे, स्पॉन्टेनिअस स्पायनल एपिड्युरल हिमॅटोमा. मणक्यांच्या नळीत मज्जारज्जू, त्याभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण. हे आवरण आणि हाड यांच्यामधल्या फटीत थोडी चरबी असते आणि शिरांचं जाळं असतं. या शिरांना झडपा नसतात. जोराचा खोकला, उलटी, शौचाला कुंथणं, भरलेला सिलिंडर उचलणं, कशानेही छातीपोटातला दाब वाढला की तो थेट या जाळ्यावर येतो आणि एखादी शीर फुटते, असं बहुतेक जण मानतात. काही जण धमनीकडे बोट दाखवतात. पुष्कळ रुग्णांत तर कारण सापडतच नाही. माणूस झोपेतून उठतो तोच मान धरून. रक्त त्या अरुंद फटीत साकळतं, आणि बाजूला हाड असल्यामुळे दाबलं जातं ते एकच, मज्जारज्जू.

हे रक्त मानेच्या भागात मधोमध साकळलं तर दोन्ही हात, दोन्ही पाय जातात आणि कोणालाही मणक्याचीच शंका येते. पण ते बरेचदा मागे आणि एका अंगाला साकळतं. मग त्याच बाजूचा हात आणि पाय लुळा पडतो. अचानक, एका बाजूचा, तोही रक्तदाब असलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाचा. पाहणाऱ्याच्या तोंडात एकच शब्द येणार, लकवा. त्यात वेदनेमुळे रक्तदाब १८०-१९० वर गेलेला असतो, म्हणजे कारणही आयतंच हाताशी.

पुढे सीटी होतो. मेंदूचा सीटी नॉर्मल येतो, आणि नेमका इथेच सगळा घोळ होतो. रक्तपुरवठा बंद पडून झालेल्या स्ट्रोकमध्येही पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मलच दिसू शकतो. तिथे सीटी करायचा तो मुख्यतः डोक्यात रक्तस्राव नाही याची खात्री करायला. म्हणून ‘नो ब्लीड’ असा रिपोर्ट गेला की कॅज्युअल्टीत त्याचा अर्थ होतो: ब्लीड नाही, म्हणजे गुठळी आहे, घड्याळ चालू आहे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन काढा. पण माझा तो स्कॅन कवटीच्या तळाशी थांबलेला असतो. रक्त त्याच्या चार-पाच इंच खाली आहे. ‘नो ब्लीड’ हे डोक्यापुरतं खरं होतं. मानेबद्दल मला कोणी विचारलेलंच नव्हतं.

मग ते इंजेक्शन, अल्टेप्लेज, जातं, किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, दहावा भाग एकदम आणि उरलेलं तासाभरात. किंवा हल्ली टेनेक्टेप्लेज, जे काही सेकंदांत एकाच दमात देऊन होतं आणि मग मध्येच थांबवायचा प्रश्नच उरत नाही. साकळून थांबू पाहणारं रक्त पुन्हा सुटतं. एका बाजूची कमजोरी दोन्ही बाजूंची होते, लघवी अडते, आणि ज्याचा मणका उघडून ते रक्त तातडीने काढायला हवं, त्याच्यावर सुरी चालवायला सर्जन कचरतो, कारण आता कुठूनही रक्त वाहू शकतं. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून आलेले आहेत, जपानपासून अमेरिकेपर्यंत. हा आजारही काही नवा नाही. जॅक्सन यांनी १८६९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची पहिली नोंद केली. त्या काळी निदान चुकलं तर उपचाराला उशीर व्हायचा, एवढंच. १९९५ च्या एनआयएनडीएस या अमेरिकी चाचणीनंतर गुठळी विरघळवण्याचे उपचार रुळले, २००८ मध्ये इंजेक्शन द्यायची मुदत तीन तासांवरून साडेचार तासांवर गेली, आणि तेव्हापासून हीच चूक अपाय करू लागली.

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी थ्रोम्बोलिसिसच्या, म्हणजे गुठळी विरघळवण्याच्या, विरोधात नाही. चार तासांपूर्वी एक शब्द न बोलू शकलेला माणूस संध्याकाळी चहा मागताना मी पाहिला आहे. उशीर झाल्याने या राज्यात जेवढे हातपाय गेलेत, त्यापुढे घाईने गेलेले किरकोळ आहेत. आणि न्यूरॉलॉजीतले मित्र म्हणतात तेही खरं: स्ट्रोकसारखं दिसणारं पण स्ट्रोक नसलेलं काही असलं, फिट येऊन गेल्यानंतरची कमजोरी म्हणा, अर्धशिशी म्हणा, आणि चुकून इंजेक्शन दिलं गेलं, तरी बहुतेकांना काही होत नाही. ‘शंका असली तरी द्या’ ही वृत्ती त्यातूनच आली आणि ती बहुतांशी बरोबर आहे. फक्त या बहुतांशीच्या बाहेर जे दोन-तीन आजार आहेत, त्यांत हा एक आहे.

किती दुर्मीळ? पुस्तकांत दर दहा लाखांमागे वर्षाला एक असा अंदाज असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. तोच दर धरला तर राज्यात वर्षाला शंभरावर माणसं होतात. सगळ्यांचा लकवा एका बाजूचा नसेल, सगळे साडेचार तासांत पोहोचणार नाहीत, मान्य. तरीही ही माणसं कुठेतरी येतातच. माझा प्रश्न साधा आहे. ती आपल्याला दिसतात का, की ‘स्ट्रोक, इंजेक्शन देऊनही वाढला’ अशा नोंदीखाली निघून जातात?

आता त्या राहून गेलेल्या वाक्याकडे येतो. हा रुग्ण मुका नसतो. स्ट्रोकच्या अनेक रुग्णांसारखी त्याची वाचा गेलेली नसते, तो शुद्धीवर असतो आणि सगळं सांगत असतो. घरी तो पहिल्यांदा म्हणतो, ‘मानेत काहीतरी तुटल्यासारखं झालं.’ वेदना जबर असते, मानेतून खांद्याच्या फऱ्यात, कधी दंडात उतरणारी. घरातले म्हणतात उसण भरली असेल, मान अवघडली असेल. बाम चोळला जातो, गरम पाण्याची पिशवी येते. मग काही मिनिटांनी, कधी काही तासांनी, हातातला कप सुटतो, पाय ओढायला लागतो. आता सगळ्यांचं लक्ष हातापायाकडे जातं आणि मान मागे पडते. शेजारी १०८ ला फोन लावतो आणि सांगतो, ‘लकवा मारलाय.’ गाडीतले डॉक्टर साखर बघतात, रक्तदाब बघतात, हात वर करायला लावतात आणि त्यांच्या कागदावर लिहितात, उजव्या बाजूची कमजोरी, एवढ्या वाजल्यापासून. कॅज्युअल्टीत बायको केसपेपरच्या खिडकीशी असते आणि स्ट्रेचरपाशी उभा असतो तो शेजारी, ज्याला बामाचं काहीच ठाऊक नाही. रेसिडेंट त्यालाच विचारतो, आधी काय झालं? तो म्हणतो, काही नाही, एकदम हात गेला. रुग्ण स्वतः ‘मान, मान’ म्हणत असला तर कुणीतरी त्याच्या डोक्याखाली चादरीची घडी सरकवतं. आणि माझ्या टेबलवर पोहोचेपर्यंत त्याची चार शब्दांची हेमिपॅरेसिस झालेली असते.

यात कोणी आळशी नव्हतं, कोणी निष्काळजी नव्हतं. प्रत्येकाने त्याच्या फॉर्ममध्ये जे विचारलं होतं ते भरलं. फॉर्ममध्ये वेदनेचा रकानाच नव्हता. स्ट्रोक ओळखायला आपण लोकांना शिकवतो ते चेहरा, हात, बोलणं आणि वेळ. शिकवायलाच हवं, पण त्यात दुखणं कुठेच येत नाही. येणारही नाही, कारण नेहमीचा स्ट्रोक सहसा दुखत नाही. म्हणूनच जेव्हा दुखतं तेव्हा कान टवकारायला हवेत.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. चेहऱ्याची नस निघते ती मेंदूच्या खोडातून, मज्जारज्जूच्या बऱ्याच वर. मानेत रक्त साकळून हात जाईल, पाय जाईल, पण तोंड वाकडं होणार नाही, जीभ जड होणार नाही, नजर एका बाजूला खेचली जाणार नाही. हात-पाय पार लुळे आणि चेहरा मात्र अगदी सरळ, बोलणं स्वच्छ, असा रुग्ण दिसला तर क्षणभर थांबा. मेंदूतल्या खोल, छोट्या स्ट्रोकमध्येही चेहरा सुटू शकतो, हे मला माहीत आहे. म्हणून एकट्या चेहऱ्यावरून निर्णय नको. चेहरा सरळ आणि मान दुखते, ही जोडी महत्त्वाची.

आणि ज्यांना अर्धा मिनिट आहे त्यांच्यासाठी टाचणी. दोन्ही नडग्यांवर हलकेच टोचून विचारा, दोन्हीकडे सारखंच टोचतंय का. मज्जारज्जू एका बाजूने दाबला गेला असेल तर ताकद त्याच बाजूची जाते, पण दुखण्या-टोचण्याची आणि गरम-गारची जाणीव पलीकडच्या बाजूची जाते, कारण ते तंतू आत शिरल्यावर लगेच पलीकडे जातात. ब्राऊन-सेकार हे नाव आपण सगळ्यांनी एमबीबीएसला घोकलेलं आहे. परीक्षेनंतर ते कामाला यायची वेळ हीच. मेंदूच्या स्ट्रोकमध्ये असा उलटा हिशोब एरवी दिसत नाही. उजवा पाय हलत नाही आणि टाचणी मात्र डाव्या पायाला कळत नाही, असं आढळलं तर मला फोन करा, मी रात्री दोन वाजताही आनंदाने उठेन. सगळ्यांत ही खूण ठळक नसते आणि घाईगडबडीत ती नीट मिळत नाही, हेही खरं.

कोणावर लक्ष ठेवायचं, यातही एक खोच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन बदललेली माणसं, त्यांत तरुण बायकाही, वर्षानुवर्षं ॲसिट्रॉम घेतात. पण त्यांचं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.७ च्या वर असलं तर प्रोटोकॉलच त्यांना इंजेक्शनपासून वाचवतो. धोका जास्त आहे तो ज्याला काहीच नाही त्याला. गोळी नाही, प्लेटलेट बरोबर, आयएनआर बरोबर, सगळ्या चौकटींत बरोबरची खूण. किंवा फक्त ॲस्पिरिन चालू आहे, जे इंजेक्शनच्या आड येत नाही. आणि गरोदर बाई, जिच्या मानदुखीला सगळे ‘या दिवसांत होतंच’ म्हणतात.

‘मान दुखली का’ एवढं विचारून हा एकच दुर्मीळ आजार सापडणार असता, तर मीही एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. त्याच प्रश्नात आणखी दोन सापडतात, आणि ते इतके दुर्मीळ नाहीत. एक, मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटणं. तिथेही आधी मान दुखते आणि मग स्ट्रोक येतो, खराखुरा स्ट्रोक. (सलूनमध्ये दाढीनंतर कडाकड मान मोडून घेण्याची आपल्याकडे जी हौस आहे, ती यासाठी बंद व्हावी असं मला फार वाटतं, पण ते पत्र न्हाव्यांना लिहावं लागेल.) दुसरा, छातीतल्या महाधमनीचं फाटणं, जे वर मानेकडे सरकून मेंदूचा पुरवठा तोडतं आणि लकव्याच्या रूपात दारात येतं. त्यातही इंजेक्शन जिवावर बेततं. म्हणजे मान दुखली याचा अर्थ स्ट्रोक नाही, असं मुळीच नाही. मानेची धमनी फाटून आलेल्या स्ट्रोकला इंजेक्शन देताही येतं. दुखणं ऐकून थांबायचं नाही, बघायचं.

आणि बघायची सोय आपल्याकडे आहे. सीटी अँजिओ छातीतल्या कमानीपासून डोक्यापर्यंत केला की तिन्ही प्रश्नांकडे एकाच फेरीत बघता येतं: महाधमनी फाटली का, मानेची धमनी फाटली का, मणक्याच्या नळीत पांढरट, भिंगासारखं फुगलेलं काही आहे का. रुग्ण टेबलवर आहेच, मशीन तापलेलं आहे, जादा लागतात ती मोजकी मिनिटं. इथे माझ्याच जातभाईंना दोन शब्द. अँजिओ आला की आपण रक्तवाहिन्यांच्या मागे लागतो, अडथळा कुठे, किती टक्के, आणि नळीकडे कोणी बघत नाही. सॉफ्ट टिश्यू विंडोवर, सॅजिटल (बाजूने दिसणारा उभा छेद) करून, मज्जारज्जूच्या मागची जागा वरून खालपर्यंत बघा. मानेच्या खालच्या टोकाला खांद्यांमुळे चित्र रेघारेघांचं येतं, तिथे सीटीवर विसंबू नका; शंका राहिलीच तर एमआरआय. पूर्ण एमआरआय नको, मानेचा सॅजिटल टी-टू पुरतो, तो काही मिनिटांत होतो.

एमआरआय सगळीकडे नाही, न्यूरोसर्जन तर नाहीच. गडचिरोलीच्या रुग्णाला नागपूर गाठायला पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जावं लागतं, आणि सिंधुदुर्गातले रुग्ण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला जातात, हे आपण सगळे जाणतो. म्हणूनच निदान वेळेत होणं जास्त गरजेचं. या आजारात मणक्याची मागची कमान काढून रक्त उपसणं हा मुख्य उपाय आहे, आणि पहिल्या १२ तासांत शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक चांगले सावरतात, असा अनुभव नोंदलेला आहे. शस्त्रक्रियेआधी थोडीफार ताकद शिल्लक असेल तर आणखी बरं. काही जणांची कमजोरी आपोआप उतरते, शस्त्रक्रियेविना. अशांना ‘मिनी स्ट्रोक होता’ म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच. बारा तास मोठे वाटतात. लकव्याच्या वॉर्डात पहिली रात्र निरीक्षणात, सकाळी राउंडला कळलं की दुसराही पाय गेलाय, मग एमआरआयसाठी दुसरं गाव, मग मोठ्या गावात खाट शोधणं. संपले.

तर मागणी काय, तर फार थोडी. १०८ च्या रुग्णनोंदीत आणि कॅज्युअल्टीच्या स्ट्रोक फॉर्ममध्ये एक ओळ छापा, मराठीत: ‘कमजोरी येण्याआधी किंवा सोबत मान, पाठ, खांदा किंवा छाती अचानक दुखली का? हो / नाही / कोणाला विचारलं’. शेवटचा भाग मुद्दाम आहे. शेजाऱ्याला विचारलेलं आणि रुग्णाला विचारलेलं यात फरक आहे. २०१४ पासून आपल्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, ही या राज्याची जमेची बाजू. घरच्यांच्या तोंडून पहिली हकीकत ऐकणारा तो बहुधा एकटाच वैद्यकीय माणूस असतो, तेव्हा ओळ त्याच्या कागदावर आधी हवी. सीटीच्या मागणीवर ‘चेहरा: सरळ / वाकडा’ एवढं लिहायला लावा. दुखणं ‘हो’ आणि चेहरा ‘सरळ’ असेल तर मान बघेपर्यंत इंजेक्शन भरून ठेवा, पण टोचू नका. ग्रामीण रुग्णालयात जिथे सीटीच नाही, तिथे अशा रुग्णाला पाठवण्यापूर्वी ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचा लोडिंग डोस, म्हणजे पहिला मोठा डोस, देण्याची सवय आहे. दुखणं ‘हो’ आणि चेहरा ‘सरळ’ अशा रुग्णाला तो देऊ नका, आणि रेफर चिठ्ठीवर ‘मानेचाही स्कॅन’ असं लिहा. मालिश, मान ओढणं, कॉलर लावून घरी पाठवणं, यातलंही काही नको.

या ओळीमुळे सुईला उशीर होईल, असा आक्षेप येणार, आणि तो न्याय्य आहे. त्यामुळे प्रश्न विचारायची जागा ठरवून द्या: व्हीनफ्लॉन, म्हणजे शिरेतली सुई, लावताना. रक्त काढायला, साखर बघायला जो वेळ जातो त्यातच तो विचारून होतो. बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ येईल आणि त्यांचं एक मिनिटही वाया जाणार नाही. ज्यांचं ‘हो’ येईल त्यांतले काही नुसत्या जुन्या मानदुखीचे असतील. ‘अचानक’ या शब्दावर जोर दिला की तेही गळतील. उरतील ते मोजके, आणि त्यांच्यासाठी दहा मिनिटं मी मागतोय.

फॉर्मचा मसुदा जिथे अडला असेल तिथल्या टेबलावर हे पत्र ठेवावं. नवा फॉर्म छापून यायला वर्ष लागणार असेल तर तोवर रबरी शिक्का चालेल. आमच्या सीटीच्या खोलीबाहेर मी एक करून ठेवला आहे, शाईसकट.

आपला,
जिल्ह्याच्या गावचा एक रेडिओलॉजिस्ट